घरचं गुलाब सरबत पावसाळ्यात फसफसतं आणि थंडीत साखर धरतं, त्यावर उपाय

मार्चात केलेली गुलाब सरबताची बाटली मृग लागेपर्यंत उत्तम असते. पाऊस सुरू झाला की एके दिवशी झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, वर बारीक फेस दिसतो आणि गुलाबाआधी आंबूस वास नाकात जातो. पुढच्या वर्षी हे नको म्हणून पाक जास्त आटवावा, तर डिसेंबरात बाटलीच्या तळाला खडीसाखरेचा थर बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, कुठल्याही घरात फुलांच्या पाकाचा विषय काढा, या दोनपैकी एक तक्रार ऐकायला मिळतेच. आमच्या बेळगावच्या शहापुरात तर उन्हाळा संपला की हमखास विचारणा होते, "सांगितल्यासारखंच केलं की ओ वैनी, मग आंबलं कसं?"

सांगितल्यासारखं केलं तरी बिघडतं, कारण सांगण्यातच गफलत आहे. आपल्याकडं पाक सांगतात वाटीवर आणि तारेवर. सरबताच्या पाकाला ही दोन्ही मापं पुरत नाहीत.

आंबणं आणि साखर धरणं हे एकाच दुखण्याचे दोन प्रकार आहेत. पाकाच्या एकूण वजनात साखर 65 ते 67 टक्के असली, तर तो बाहेर टिकतो. साखर त्याहून कमी असेल तर पाण्याचा काही भाग मोकळा राहतो. यीस्टला आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. साखर त्याहून जास्त झाली तर ती पाण्यात मावत नाही. 20 अंश तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळून राहते, म्हणजे 67 टक्क्यांच्या आसपास. गरम असताना जास्त मावते, म्हणून गॅसवर सगळं छान दिसतं. निवल्यावर जादा साखर खडा होऊन खाली बसते. वाट इतकी अरुंद आहे की अंदाजानं चालणारा कधी या बाजूला पडतो, कधी त्या बाजूला.

आता वाटीचं बघू. "दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी" हे ऐकायला दोनास एक वाटतं. पण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळं पाण्यानं भरलेल्या वाटीपेक्षा साखरेची वाटी हलकी भरते. 100 मिलीच्या वाटीत पाणी 100 ग्रॅम, साखर मात्र जेमतेम 85 ग्रॅम. दोन वाट्यांची झाली 170. टक्केवारी आली 63. म्हणजे काटेकोर माप घेऊनही पाक सुरुवातीलाच कमी पडला. आणि "एकास एक" करणाऱ्यांचा पाक 46 टक्क्यांवर असतो. तो पावसाळ्याची वाटसुद्धा बघत नाही, आठवड्यात चढतो.

त्यात पाकळ्यांचं पाणी. ताज्या पाकळीत बहुतेक सगळं पाणीच असतं. गुलकंदासारखं पाकळ्या साखरेत चुरून रात्रभर मुरवण्याची पद्धत मला फार आवडते, वास सुरेख उतरतो. पण पाव किलो पाकळ्या चुरल्या की दोनशे मिलीच्या आसपास पाणी त्या स्वतःच सोडतात. ते कुणी हिशेबात धरत नाही.

राहिली तार. एकतारी पाक गुलाबजामला, पाकातल्या पुऱ्यांना योग्य. सरबतासाठी एकतारी म्हणजे पुढं गेलेला पाक, थंडीत तो साखर धरणारच. सरबताचा पाक तारेच्या अलीकडं थांबवायचा असतो. अंगठा आणि तर्जनी यांत तो तेलासारखा लागतो, नुसता चिकटतो, तार धरता धरता तुटते. अनुभवी हाताला हे कळतं. पण बोटावर भरवसा ठेवून वर्षभराचं सरबत करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण पाक गरम असताना एक सांगतो आणि निवल्यावर दुसरंच.

थर्मामीटर वापरणाऱ्यांना आपल्या गावाची उंची आडवी येते. पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून सांगितलेलं तापमान समुद्रसपाटीचं असतं. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. इथं साधं पाणीच 97.5 अंशांच्या आसपास उकळतं. 65 टक्क्यांचा पाक पाण्यापेक्षा जवळजवळ 4 अंश वर उकळतो. म्हणजे खाली कोकणात आणि गोव्यात जो पाक 104 ला तयार, तोच आपल्याकडं 101.5 ला तयार. आपण 104 ची वाट बघत बसलो तर पाक 73-74 टक्क्यांवर जातो. गोव्याच्या मावशीची कृती तिच्या घरी बरोबर येते आणि आपल्या घरी साखर धरते, ते असं. गोकाक, अथणीकडं उंची कमी, तिथं फरकही कमी पडेल. म्हणून आधी थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात धरा, आकडा बघा, त्यात 4 मिळवा. तो तुमच्या स्वयंपाकघरातला आकडा. थर्मामीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी तो दोष यात निघून जातो.

पण थर्मामीटर नसला तरी काही अडत नाही. याहून पक्का आणि सोपा मार्ग म्हणजे पातेल्यासकट वजन करणं.

पातेल्याचं वजन

उकळताना पाणी उडून जातं, साखर उडत नाही. एक किलो साखर घातली असेल, तर शेवटपर्यंत पातेल्यात एक किलोच साखर आहे. मग पाकाचं एकूण वजन दीड किलो भरलं तर साखर 66.7 टक्के, एक किलो 540 ग्रॅम भरलं तर 65 टक्के. काटा या दोन आकड्यांच्या मध्ये आला की गॅस बंद. 1,600 दाखवत असेल तर साखर 62.5 वर आहे, हे फसफसणार. 1,400 च्या खाली गेला तर 71 च्या पुढं, हे बसणार. तार नको, थेंब पाण्यात टाकून बघणं नको.

रिकामं पातेलं आधी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. शक्यतो स्टीलचं, जाड बुडाचं. ज्या चमच्यानं ढवळणार तोही त्यातच ठेवून वजन घ्या, म्हणजे नंतर त्याला चिकटलेला पाक निपटत बसायला नको. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, उष्णतेनं आकडा हलतो. काट्यावर भाजी चिरायची लाकडी फळी ठेवून तो शून्यावर आणायचा, मग पातेलं, आणि येईल त्या आकड्यातनं रिकाम्या पातेल्याचं-चमच्याचं वजन वजा करायचं.

हा हिशेब बरोबर यायला एक अट आहे. साखर घालण्यापूर्वी फुलांचं पाणी गाळून झालेलं असलं पाहिजे. पाकळ्या पाकात असतानाच आटवलं, तर चोथ्याबरोबर किती साखर गेली ते कळत नाही. साखरेत चुरून मुरवायची हौस असेल, तर पाव किलो साखर त्यासाठी बाजूला काढा, तिचा छोटासा गुलकंदी रस वेगळा करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. टिकाऊ बाटली पाण्यात काढलेल्या अर्काचीच करावी.

मी करते ती रीत अशी. वासाचा गुलाब, नुसत्या पाकळ्या 120 ते 150 ग्रॅम. पाणी 700 मिली कडकडीत तापवून गॅस बंद करायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पाकळ्या घालून घट्ट झाकण. सहा-सात तास तसंच. मलमलच्या फडक्यातनं गाळायचं, हलकंच दाबायचं, पिळायचं नाही. हे पाणी 600 ग्रॅमच्या आसपास भरतं. कमी-जास्त असलं तरी फिकीर नको, शेवटी काटा सांगणारच आहे. त्यात एक किलो साखर आणि 6 ते 8 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे सपाट सव्वा ते दीड छोटा चमचा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद. उकळी आली की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढून टाका. इकडची साखर कारखान्यातनं थेट पोत्यानं येते, कधी कधी मळी जास्त असते. मिठाईच्या पाकात मळी धरायला चमचाभर दूध घालतात ते इथं नको, आंबट पाकात दूध फाटून बारीक कण राहतात. झाऱ्यानं काढलेली मळी वजनात फारसा फरक करत नाही. मंद उकळीवर आठ-दहा मिनिटं झाली की पातेलं काट्यावर.

सायट्रिक ॲसिड चवीसाठी आहेच, पण त्याचं मोठं काम वेगळं आहे. आंबटपणात उकळताना साखरेचा थोडा भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. या दोन साखरा मध्ये असल्या की साखरेचे दाणे एकमेकांना चिकटून खडा बनू शकत नाहीत. म्हणून ॲसिड शेवटी नाही, साखरेबरोबर सुरुवातीलाच घालायचं. शेवटी घातलं तर चव येते, हे काम होत नाही. लिंबाचा रस चालतो, पण त्याचा स्वतःचा वास गुलाबाला मारतो आणि प्रत्येक लिंबाचा आंबटपणा सारखा नसतो. मला यात लिंबू पटत नाही.

शेवटी गुलाबजल घालणार असाल तर त्याचंही वजन धरा. 1,500 ला गॅस बंद करून वर 100 मिली गुलाबजल ओतलं, की पाक 62.5 वर आला. एवढं सगळं जपून केलेलं त्या एका ओतण्यात जातं. 50 मिली घालायचं असेल तर 1,480 पर्यंत आटवा, मग घाला.

पाक बरोबर असूनही बुरशी येते तेव्हा

काही वेळा वजन बरोबर असतं, तरी बाटलीच्या गळ्याशी पांढरी साय दिसते, खाली पाक मात्र चांगला. इथं झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. गरम पाक भरून झाकण लावलं की वाफ वर जाऊन झाकणाला थेंब धरतात, ते थेंब परत पाकावर पडतात. पाक जड, पाणी हलकं, ते मिसळत नाही. वरच्या बोटभर थरात साखर कमी होते आणि बुरशी तेवढ्याच थरात पाय रोवते. पातेल्यात पाक निवत असताना वर ताट झाकलं तरी हेच होतं. निववायचा असेल तर ताटाऐवजी कोरडं फडकं टाका.

बाटली मात्र गरमच भरावी. काचेची, आधी कोमट करून घेतलेली, नाहीतर तडकते. पाक 85 अंशांच्या वर असताना गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, दोन-तीन मिनिटं बाटली आडवी ठेवा म्हणजे झाकणही आतनं तापतं. पूर्ण निवल्यावर एकदा उलटीसुलटी करून हलवा, वरचे थेंब पाकात मिसळून जातात. ही शेवटची हालचाल बहुतेक जण विसरतात.

बाटली आतनं ठणठणीत कोरडी पाहिजे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जूननंतर धुतलेली बाटली दोन दिवसांतही वाळत नाही. ओव्हन असेल तर 110 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. नसेल तर सरबताचं काम होळीच्या आगेमागे उरकावं, ऊनही असतं आणि देशी गुलाबाला बहरही असतो. मोठ्या बाटलीपेक्षा पाव लिटरच्या चार बाटल्या बऱ्या, कारण उघडलेली बाटली पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवावी लागते. ओला चमचा आत घालू नये हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, मुलांना तर दोनदा.

बिघडलेल्या बाटलीचं काय करायचं

साखर बसली असेल तर सगळं वाचतं. बाटली गरम पाण्यात उभी करून खडे सैल करा, पातेल्यात ओता. अर्ध्या लिटरला तीन मोठे चमचे पाणी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घाला, पाच मिनिटं मंद उकळा. एकही दाणा शिल्लक राहता कामा नये, त्या एका दाण्यावर पुन्हा थर चढतो. बाटलीच्या गळ्याशी वाळलेली साखरही कोमट पाण्यानं धुऊन काढा.

फसफसलेलं किंवा बुरशी आलेलं सरबत मात्र टाकून द्या. वरची साय काढून, उकळून वापरायचं असं पुष्कळ जण सांगतात, पण बुरशीचा भाग डोळ्याला दिसतो तेवढाच नसतो आणि आंबलेली चव उकळून जात नाही. साखर आणि फुलं वाया गेल्याचं वाईट वाटतं, तरी लहान मुलांच्या ग्लासात हे जाऊ नये. बाटली उघडताना जपा, आत वायू साठलेला असतो. तोंडापासून लांब धरून, वर जाड फडकं टाकून झाकण हळूहळू सैल करा.

टिकवण्यासाठी पावडर घालावी का, असा प्रश्न नेहमी येतो. घरच्यापुरतं करत असाल तर वजन आणि आंबटपणा बरोबर ठेवून गरज पडत नाही. घालायचीच तर लाल, गुलाबी सरबतात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, त्यानं फुलांचा रंग उडतो. सोडियम बेंझोएट चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम एवढंच, आणि अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. सराफाच्या दुकानात असतो तसला बारीक काटा नसेल तर या वाटेला जाऊ नये. विक्रीसाठी करणाऱ्या महिला संघातल्या बायकांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच.

रंग, वास, कडूपणा

गुलाबाचा आणि जास्वंदीचा तांबडा रंग आंबटपणात खुलतो आणि क्षारात मरतो. बोअरच्या जड पाण्यात पाकळ्या घातल्या की पाणी राखाडी, निळसर दिसतं, ते यामुळं. ॲसिड घातलं की बराचसा रंग परत येतो. शक्यतो पिण्याचं गोडं पाणी घ्या. लोखंडी कढई नको, कल्हई नसलेलं पितळ नको, ॲल्युमिनियम नको. उजेडात ठेवलेली बाटली दोन-तीन महिन्यांत तपकिरी होते, म्हणून कपाटात. बाजारच्या बाटलीसारखा लालभडक रंग घरच्या गुलाबाला येत नाही, तो वरनं घातलेल्या रंगाचा असतो. फिकट गुलाबी आला तर तुमचं सरबत बिघडलेलं नाही.

वास येत नसेल तर आधी फूल बदला. फुलबाजारातला लांब देठाचा डच गुलाब दिसायला देखणा, पण त्याला वास नसतो आणि तो पॉलिहाऊसमध्ये औषधं मारून वाढवलेला असतो. हारासाठी, देवासाठी आणलेली फुलं सरबतात घालू नयेत. फवारलेली औषधं धुऊन सगळी निघत नाहीत, काही पाकळीच्या आत गेलेली असतात. परसातला, कुंडीतला, ओळखीच्या शेतावरचा गावठी गुलाबच घ्यावा, आणि तो सकाळी ऊन चढायच्या आत तोडावा. दुसरं कारण म्हणजे पाकळ्या उकळणं. वास वाफेवर जातो, घरभर दरवळला म्हणजे पातेल्यातनं गेला.

मोगऱ्याचं तंत्र निराळं. त्याला गरम पाणी सोसत नाही. संध्याकाळी फुलायला आलेल्या कळ्या गार पाण्यात घालून रात्रभर झाकून ठेवायच्या, माठात टाकतो तसं. सकाळी गाळून त्याच पाण्यात दुप्पट वजनाची साखर न उकळता, ढवळून विरघळवायची. पूर्ण विरघळायला तासाभराहून जास्त वेळ लागतो, मध्ये मध्ये ढवळत राहायचं. न उकळलेला पाक टिकाऊ नाही, फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावा. वर्षभराचं मोगरा सरबत घरी करायच्या भानगडीत पडू नये.

कडवटपणा बहुतेक वेळा पाकळीच्या बुडाच्या पांढऱ्या टोकातनं आणि हिरव्या देठातनं येतो. पाकळ्या मुठीत धरून ती टोकं कात्रीनं उडवा. रात्रभराहून जास्त भिजवल्या तरी तुरटपणा उतरतो.

जास्वंदीचं पाणी बुळबुळीत झालं, तर पाकळ्या चुरल्या गेल्या आहेत किंवा जास्त वेळ राहिल्या आहेत. मधला केसर आणि खालचा हिरवा भाग काढून, गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटंच ठेवा आणि न दाबता गाळा. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत ही वेगळी गोष्ट. जिच्या पाल्याची पुंडीची भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तिच्याच जातीची ती बोंडं. ती मुळातच आंबट असतात, त्यात सायट्रिक ॲसिड निम्मंच घाला.

दिसायला सुंदर म्हणून कुठलंही फूल पाकात घालू नका. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोत्रा ही विषारी आहेत. परसात ही जास्वंदीच्या शेजारीच असतात, फुलं तोडायला मुलांना पाठवत असाल तर झाड दाखवून पाठवा.

आणि दुधात घालायचं सरबत वेगळं करा. ॲसिड घातलेला पाक गार दुधात थोडा चालतो, कोमट दुधात फाटायची भीती असते, अंबाडीचा तर गारातही फाडतो. दुधाच्या बाटलीसाठी सायट्रिक ॲसिड वगळून 900 ग्रॅम साखरेला 100 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घ्या, केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. साखर धरत नाही आणि दूधही शाबूत राहतं. ग्लुकोजमध्ये थोडं पाणी असतं, म्हणून हा पाक 1,500 च्या थोडा खालीच उतरवा. ॲसिड नसल्यामुळं त्याचा रंग मातकट येतो आणि तो कमी टिकतो. तेव्हा छोटी बाटली, तीही फ्रीजमध्ये.